पोलंडमधले त्रेचाळीस रोट

पोलंडमध्ये मी चोवीस तासांत साडेसात रोट खाल्ले, आणि याला माझ्या यादीशिवाय दुसरं कुणीही जबाबदार नाही.

रोट म्हणजे काय ते आधी सांगते, कारण खानदेशाबाहेरच्या माणसाला साडेसात हा आकडा किरकोळ वाटेल. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. कानबाई म्हणजे नारळ. त्याला डोळे, नथ, मंगळसूत्र आणि साडी चढवून चौरंगावर मांडतात, आणि मग तो नारळ राहत नाही, घरातली सगळ्यात मोठी बाई होतो. तिचा प्रसाद म्हणजे रोट. घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव घ्यायचं, त्या नावाने सव्वा मूठ गहू टाकायचा, तो दळायचा आणि त्याचा अंगठ्याएवढा जाड रोट तुपात खरपूस भाजायचा. एक रोट म्हणजे तीन पोळ्यांचा ऐवज. सोबत खीर.

पुढचे नियम घराण्यागणिक बदलतात. आमच्या घराण्याचे तीन आहेत. रोट फक्त भाऊकीने खायचा, बाहेरच्याला कण द्यायचा नाही. लग्न करून गेलेली लेक बाहेरची, लग्न करून आलेली सून घरची. आणि बठ्ठे, म्हणजे सगळेच्या सगळे, रोट संपल्याशिवाय कानबाई गावाची शीव ओलांडत नाही.

मी जळगावला एका कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक आहे. गेली सव्वीस वर्षं याद्या करते. घरीसुद्धा माझ्याकडे एक निळी फाइल आहे. तिच्यात गॅसचा नंबर, सगळ्यांचे रक्तगट, लग्नाच्या आमंत्रणाची यादी असं सगळं असतं. त्यामुळे आमच्या जावाजावांच्या कानबाईच्या नाचाचा व्हिडिओ कुणीतरी कुठेतरी टाकला, तो फिरत फिरत पोलंडला गेला आणि तिथल्या आंतरराष्ट्रीय नृत्यमहोत्सवाचं आमंत्रण आलं, तेव्हा पुढचं सगळं माझ्याकडे येणार हे उघड होतं.

मला नाच येत नाही. संघात किमान पाच बायका हव्यात अशी अट होती म्हणून मी पाचवी. नाचते ती आमची अक्का. माझी मोठी जाऊ, वय सहासष्ट, धुळ्याजवळच्या आमच्या गावी शेती सांभाळते. कानबाईचा चौरंग डोक्यावर घेऊन, हात न लावता, ती गिरक्या घेते आणि नारळाची नथसुद्धा हलत नाही. चाळीस वर्षं ती गावच्या रस्त्यावर नाचली. खाली डांबर, समोर भाऊबंद. एकदा तरी तिने खऱ्या रंगमंचावर, दिव्यांखाली, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर नाचावं असं मला फार वाटत होतं. तिला मात्र तसं काही वाटत नव्हतं.

"श्रावणमा कानबाई घर सोडीसन मी तठे फिराले जाऊ?" ती म्हणाली.

"अक्का, महोत्सव नेमका त्याच आठवड्यात आहे. मी काय करू?"

"मंग कानबाई मन्हा संगे येई. रोट तठेच व्हतील."

मी यादीत लिहिलं: कानबाई (१), गव्हाचं पीठ. तूप युरोपात नेऊ देत नाहीत, तिथलं लोणी कढवायचं, असंही लिहिलं. मी फार खूश होते.

चूक निघायच्या चार दिवस आधी झाली. गहू मोजायला गावी बसलो. अक्का सुपापुढे, मी खुर्चीवर फाइल घेऊन. नावं मी वाचायची, मूठ तिने टाकायची. आता निळ्या फाइलमध्ये दोन याद्या होत्या. एक प्रवासाची, नावं सात. दुसरी संपूर्ण भाऊकीची, नावं त्रेचाळीस. मी भाऊकीची काढली आणि खणखणीत आवाजात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. सुरतचे, नाशिकचे, मार्चमध्ये जन्मलेलं बाळ, कुणी म्हणजे कुणी सोडलं नाही.

अडतिसाव्या नावावर अक्काचा मुलगा प्रशांत. तो जर्मनीत असतो. एकोणचाळिसाव्या नावावर त्याची बायको लेना. तिकडचीच. दोघांनी तीन वर्षांपूर्वी तिकडेच सही करून लग्न केलं आणि नंतर फोनवर कळवलं. तेव्हापासून अक्का मुलाशी "बरा शे ना?" एवढंच बोलते आणि सुनेचं नाव घेत नाही. मी यादीत ते लिहिलं होतं, कारण यादी म्हणजे यादी. मी वाचलं, "लेना." अक्काची मूठ थोडा वेळ हवेतच राहिली. मग सुपात गहू पडला. मी चाळिसावं नाव वाचलं.

हे सगळं मला तेव्हा अगदी सुरळीत वाटलं.

पोलंडमधलं ते गाव लहान होतं. आमची सोय एका शाळेच्या वसतिगृहात केली होती. आमच्यासोबत इरेना नावाच्या बाई होत्या, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, आमच्या संघाच्या व्यवस्थेसाठी नेमलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून फाइल काढली. हिरवी. कार्यक्रम पाच-पाच मिनिटांच्या हिशेबाने लिहिलेला. आम्ही एकमेकींच्या फाइली पाहिल्या आणि तिथेच आमची मैत्री झाली. माझं इंग्रजी ऑफिसातलं, त्यांचं पुस्तकातलं, पण यादीला भाषा लागत नाही.

कार्यक्रम असा होता: रविवारी गावातच सगळ्या संघांच्या खाद्यपदार्थांची संध्याकाळ. सोमवारी दुपारी तीन वाजता बस. तीस किलोमीटरवर शहरात मोठा रंगमंच, आमची वेळ पाच वाजता, सात मिनिटं. उशीर झाला तर नाव वगळणार.

रविवारी सकाळी वसतिगृहाच्या जेवणघरात कानबाई बसली. इरेनाबाईंनी फुलं आणली. मग शोभा आणि मंगल या माझ्या धाकट्या जावा रोट भाजायला लागल्या. दहा झाले. वीस झाले. परातीत ढीग दिसायला लागला तेव्हा शोभा म्हणाली, "ताई, पीठ संपत नाहीये."

"होईल. सात जणांचं आहे."

"सात जणांचं असतं तर सात रोटांच्या आत संपलं असतं. हा चोविसावा आहे."

मी फाइल उघडली. प्रवासाची यादी उघडली. भाऊकीची यादी उघडली. त्यावर प्रत्येक नावापुढे माझ्याच हातच्या बरोबरच्या खुणा होत्या, त्रेचाळीस.

"अक्का," मी म्हणाले, "मी चुकीची यादी वाचली."

अक्का शांतपणे रोट उलटत होती. "तू वाचत गई, मी टाकत गऊ. माले वाटनं, एवढा लांब जाई राहिनूत तर बठ्ठास्ना नावनं नेई राहिनी."

"मग आता जास्तीचे..."

"जास्तीना कसा? नाव लिधं, त्यान्हा वाटा पडना." तिने परातीकडे पाहिलं. "संपाडना पडतीन. उद्या तीनले कानबाई शीव वलांडी, तवर."

म्हणजे त्रेचाळीस रोट, उद्या दुपारी तीनपर्यंत. नाहीतर कानबाई बसमध्ये चढणार नाही, आणि कानबाई नाही तर अक्का नाही. अक्काशिवाय आम्ही बाकीच्या म्हणजे रंगमंचावर नुसती ये-जा.

खाणारी माणसं मोजली. आम्ही सात, पण त्यात माझी नणंद विमलताई. ती नाचायला आली होती, पण ती या घरची लेक, दुसऱ्या घरची सून. तिला रोट चालत नाही.

"मला काही म्हणू नका," विमलताई म्हणाली आणि शाळेने दिलेले बटाट्याचे उंडे मजेत खायला बसली. "नियम तुमच्या घरचा आहे. मला लहानपणी एकदा चोरून खाल्ला म्हणून आईने बदडलं होतं. मी विसरले नाही."

उरलो सहा. अक्का, मी, शोभा, मंगल, आणि दोन पुरुष: ढोल वाजवणारे आमचे हे आणि झांज वाजवणारे मंगलचे यजमान.

दुपारी आम्ही प्रत्येकी दोन खाल्ले. बारा गेले. सुरुवातीला वातावरण चांगलं होतं. आमचे हे म्हणाले, "गव्हाला चव आपल्याच शेताची." दुसऱ्या रोटानंतर ते काही म्हणाले नाहीत. चारच्या चहाला सहा जणांनी मिळून चार संपवले. मी एक पूर्ण खाल्ला, चूक माझी होती म्हणून. उरले सत्तावीस.

मी नवी यादी केली. वेळ, माणूस, रोट. भिंतीवर चिकटवली. शोभा म्हणाली, "ताई, याद्या आता पुरे." पण तिने पेन्सिलीने आपल्यापुढे 'अर्धा' लिहिलं.

"गायीला घातले तर?" मंगलने विचारलं. गायीला चालतं, हे मला आठवलं. मी धावत इरेनाबाईंकडे गेले. त्यांनी एक प्रश्न न विचारता दोन मिनिटांत शेजारच्या शेतातली तपकिरी, तब्येतीने उत्तम अशी गाय दाखवली. मी अक्काला खिडकीशी आणलं.

अक्काने गाय नीट पाहिली. "चांगली शे."

"मग घालू?"

"गाय घरनी पाहिजे."

घरची गाय धुळ्याला. मी इरेनाबाईंना सांगितलं की ही गाय आमच्या कुटुंबातली नाही. त्यांनी हिरव्या फाइलमध्ये काहीतरी लिहून घेतलं.

खरी आपत्ती संध्याकाळी सहाला आली. खाद्यपदार्थांची संध्याकाळ! माझ्या डोक्यातून ती पार गेली होती, इरेनाबाईंच्या नाही. त्यांनी सकाळपासून परातीतला ढीग पाहिला होता आणि त्यांचा समज झाला होता की भारतीय संघाने सगळ्या पाहुण्यांसाठी एवढा स्वयंपाक केला आहे. त्यांनी तसं जाहीरही करून टाकलं. मी वळून पाहते तर आमच्या टेबलापुढे कागदी थाळ्या घेऊन रांग. सर्बिया, मेक्सिको, जॉर्जिया, सगळे पोशाखात.

आता चित्र पाहा. माझ्या मागे सत्तावीस रोट, जे संपावेत म्हणून मी कुणाच्याही पाया पडले असते. माझ्या पुढे सत्तर भुकेली माणसं. आणि मधे मी, दोन्ही हात पसरून, म्हणते आहे, "सॉरी. ओन्ली फॅमिली."

"फक्त चव," इरेनाबाई म्हणाल्या.

"चव पण नाही."

"तुम्हाला कमी पडतील म्हणून?"

"नाही. फार आहेत."

भूगोलाच्या शिक्षिकेला असं उत्तर चालत नसणार.

रांगेतले लोक मात्र भारावले. कुणीतरी माझा फोटो काढला. सर्बियाच्या संघातला एक उंच, मिशाळ माणूस पुढे आला, त्याने टोपी काढली आणि इरेनाबाईंमार्फत विचारलं, की कुटुंबात यायचं असेल तर काय करावं लागतं.

"लग्न," मी म्हणाले.

तो म्हणाला, त्याची तयारी आहे.

विमलताईने मागून विचारलं, "वहिनी, आपल्याकडे सध्या बिनलग्नाचं कोण आहे?"

"विमलताई, जरा गप्प बसा."

"मी नियमाचं बोलतेय. लग्न करून आलेला जावई काही कामाचा नाही, तो बाहेरचाच. लग्न करून आलेली सून पाहिजे. आणि ती इकडेच कुठेतरी जवळपास..."

ती थांबली. बोलताना तिलाच कळलं आपण कुठे चाललोय ते. मंगलने तोंडातला घास तसाच ठेवला. आमच्या ह्यांनी ढोलाची दोरी आवळायला घेतली, जी आधीच आवळलेली होती. आम्ही सगळे कुणीच अक्काकडे पाहत नव्हतो.

अक्का कानबाईपाशी बसली होती. तिने परातीवरचं फडकं बाजूला केलं.

"रोट कितला उरनात?"

"सत्तावीस," मी म्हणाले.

"तो कितला लांब शे?"

हे माझ्याकडे लिहिलेलं होतं. "गाडीने साडेपाच तास."

"बलाव त्याले."

"फक्त प्रशांतला?"

अक्काने फडक्याचं टोक सरळ केलं. मग दुसरं टोक सरळ केलं. "तो चार खाई. त्या एकलाघाई काय व्हस?" ती म्हणाली. "दोन्हीसले बलाव."

मी बाहेर जाऊन फोन लावला. प्रशांत म्हणाला, "काकू, काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. रोट खायला ये. उद्या तीनच्या आत. लेनाला घेऊन ये."

"आईने सांगितलं?"

"आईने सांगितलं. आणि हे बघ, नाश्ता करून येऊ नका."

रात्रीच्या जेवणाला आम्ही सहा रोट संपवले, त्यातले दीड माझे. सोमवारी सकाळी नाश्त्याला पाच. मंगलच्या यजमानांनी पाव रोट खिशात घातला आणि शोभाने तो काढून परत ताटात ठेवला. उरले सोळा. माणसं बसलेली होती तिथून उठत नव्हती. संध्याकाळी नाचायचं आहे हा विषय कुणी काढला नाही.

अकराला गाडी आली. प्रशांत उतरला, आईच्या पाया पडला. मग लेना उतरली. सहा फूट उंच, हात सुताराचे. (हे मी वर्णन म्हणून सांगत नाही. ती घरांची लाकडी छपरं घालते, तोच तिचा धंदा आहे.) तिने बूट बाहेर काढले, वाकून अक्काला नमस्कार केला. अक्का म्हणाली, "हं." तीन वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य.

मी वेळ पाहिली आणि ताटं मांडली. प्रशांतपुढे चार रोट ठेवले.

"काकू," तो हळूच म्हणाला, "मी गहू सोडलाय."

"काय सोडलंय?"

"गहू. डॉक्टरांनी सांगितलं. दोन वर्षं झाली. पोट फुगतं."

साडेपाच तास गाडी चालवून आलेला, शेतकऱ्याचा मुलगा, आणि गहू सोडलाय. विमलताई म्हणाली, "अरे, मग फोनवर सांगायचं नाही का?"

"काकू म्हणाल्या, नाश्ता करू नका. मी घाबरलो."

अक्काने त्याच्या ताटातले तीन रोट उचलले आणि एक ठेवला. "एक खाय. काही व्हस नही." आणि तिने लेनाकडे पाहिलं. तिच्याबरोबर आम्ही सगळ्यांनीच लेनाकडे पाहिलं. सोळा रोट, पावणेचार तास, आणि आमच्या घराण्याची सगळी आशा एका जर्मन छप्परवालीवर.

लेनाने प्रशांतला काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "ती विचारतेय, हाताने खायचं ना?"

"हाताने," मी म्हणाले.

ती मांडी घालून बसली आणि खायला लागली.

मी आजवर पुष्कळ लोकांना जेवताना पाहिलं आहे. लग्नं, मुंजी, कॉलेजची स्नेहसंमेलनं. पण असं एका लयीत, न बोलता, न थांबता खाणारं माणूस पाहिलं नाही. जणू एकावर एक कौलं बसवत चालली होती. एक, दोन, तीन. खीर मी वाढत होते. तूप शोभा. चौथ्या रोटाला शोभा तुपाची वाटी उचलायला गेली तर वाटी जागेवर नव्हती. ती अक्काच्या हातात होती. अक्काने रोटावर तूप सोडलं, जरा जास्तच, आणि लेनाच्या पुढ्यात बसकण मारली.

"आखो?" अक्काने विचारलं.

लेनाने ताट पुढे केलं. आखो म्हणजे आणखी, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

सहाव्याला इरेनाबाई दारात आल्या. त्यांनी लेनाकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"ही जर्मन आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"हिला चालतं. मला चव पण नाही."

"हिचं लग्न झालंय," मी म्हणाले. "आमच्यात."

त्या दिवशी इरेनाबाईंनी मला त्यांची हिरवी फाइल परत दाखवली नाही.

लेनाने नऊ खाल्ले. नवव्यानंतर तिने हात जोडले. प्रशांतचा एक गेला होता. उरले सहा, आणि आम्ही सहा. अक्का वळून आमच्याकडे बघत म्हणाली, "पोर नऊ रोट खास. तुम्ही काय बशी राहिनात?"

माणशी एक. साधा हिशेब, पण मंगलचे डोळे भरून आले. तिचाही मीच घेतला. पहिल्या दिवशी दोन, चहाला एक, रात्री दीड, सकाळी एक, आणि आता दोन: साडेसात. दोन वाजून चाळीस मिनिटांनी परात रिकामी झाली. अक्काने ती पुसली, कानबाई उचलली, आणि आम्ही बसकडे निघालो. चाललो असं म्हणणार नाही. सरकलो.

प्रशांत आणि लेनाही आमच्याच बसमध्ये आले, गाडी तिथेच ठेवून. बसमध्ये जागा भरल्या होत्या. अक्काच्या शेजारच्या सीटवर तिची पिशवी होती. तिने ती उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीबाहेर बघत बसली. लेना तिथे बसली. शिवेची पाटी गेली तेव्हा अक्काने कानबाईचा पदर सारखा केला. तीस किलोमीटर दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलणार तरी कशात? पण उतरताना पिशवी लेनाच्या खांद्यावर होती.

पाच वाजता आमचं नाव पुकारलं. ढोल सुरू झाला. अक्का चौरंग डोक्यावर घेऊन दिव्यांखाली आली, आणि मी सांगते, पाच रोट खाल्लेली सहासष्ट वर्षांची बाई अशी फिरली की सभागृहात माणसं उभी राहिली. नथ हलली नाही. मी बघतच राहिले. तिच्यासाठी मी हे सगळं केलं होतं आणि ते घडत होतं. मला रडू येणार होतं, पण तेवढ्यात बसफुगडीची वेळ झाली.

बसफुगडीत उकिडवं बसायचं, चार उड्या मारायच्या आणि उठायचं. मी बसले. शोभा, मंगल, विमलताई उठल्या. मी नाही. प्रयत्न केला. साडेसात रोटांनी आपलं मत दिलं. मी रंगमंचाच्या बरोबर मध्यभागी होते, दिवा थेट अंगावर.

शोभा जवळून जाताना पुटपुटली, "ताई, उठा."

"येत नाहीये."

"मग हात तरी हलवा."

मी मांडी घातली आणि एक हात वर केला, आशीर्वादाला करतात तसा. दुसरं काही सुचलं नाही. जावा शहाण्या. त्या माझ्याभोवती फेर धरून नाचायला लागल्या. उरलेली चार मिनिटं मी तशीच बसून होते. शेवटी पडदा पडला तेव्हा आमच्या ह्यांनी आणि प्रशांतने मला दोन्ही बाजूंनी धरून उठवलं.

दुसऱ्या दिवशी तिथल्या वर्तमानपत्रात फोटो आला. मोठा, पहिल्या पानावर. कडेला अक्काची साडी आणि अर्धा चौरंग. मधोमध मी. खाली दोन ओळी. इरेनाबाईंनी वाचून दाखवल्या, जरा कोरड्या आवाजात: महाराष्ट्राच्या संघाने त्यांची सुबत्तेची देवी रंगमंचावर साक्षात बसवली, भूमिका करणाऱ्या कलावतीने चार मिनिटं तसूभरही न हलता प्रेक्षकांना थक्क केलं.

मी कात्रण फाइलला लावलं. अक्काने ते हातात घेऊन लांब धरून पाहिलं, लेनाला दाखवलं, आणि परत माझ्याकडे दिलं.

"देवी कधी इतला रोट खास का?" ती म्हणाली.